हा हात आपला नव्हे

तारापूर
१ डिसेंबर २०२४

प्रिय झुंबर,

पाकिटात तीन कात्रणं घातली आहेत. ‘उधाणाचे बळी’, प्रकरण अकरा, बारा आणि तेरा. आमचं साप्ताहिक तुमच्या पाथर्डीकडे येत नाही आणि मोबाइलवरचं अक्षर तुझ्या डोळ्यांना लागत नाही, म्हणून हा खटाटोप. फोन करण्यात तर अर्थच नाही. कंप्रेसर रूमनं तुझे कान नेले ते नेलेच. मी इथून ओरडतो, तू तिथून ‘व्हय, व्हय’ म्हणतोस, आणि फोन ठेवल्यावर दोघांनाही काही कळलेलं नसतं.

बारावं प्रकरण सावकाश वाच. संपादक धर्मेशभाईंनी त्यात ‘अष्टमीचं उधाण’ असं करून ठेवलं होतं. मी पालघरला जाऊन, समोर बसून ते बदलून घेतलं. उधाण अमावस्येला आणि पुनवेला, अष्टमीला भांग, म्हणजे पाणी कमी चढतं. धर्मेशभाई म्हणाले, “कमलाकांतभाई, वाचक मुडदे मोजतो, तिथी नाय.” मी म्हटलं, माझा वाचक दोन्ही मोजतो. बॉयलरवर नोकरी करणारा, नववीत शाळा सुटलेला माणूस कादंबरी लिहितो म्हटल्यावर लोक चूक काढायलाच बसलेले असतात. ती त्यांना मिळू द्यायची नाही.

शनिवारी अंक आला की आळीतल्या ओट्यावर वाचन होतं. जमनाताई मोठ्यानं वाचते. तुझ्या मेव्हण्याची, इंद्रजीतची थोरली बहीण रे, साखरची नणंद, आठवते ना. दोन घरं टाकून तिचं सासर. आवाज खणखणीत. साखरही येते, पुढे बसते आणि खुनी कोण यावर सगळ्यांशी पैजा लावते. तुझी बहीण मजेत आहे, काळजी नको.

चौदाव्यात फौजदार तांडेल यांच्या हाती असा पुरावा देतोय की आजवर कुणी दिला नसेल. तो शहरातल्या लेखकाला सुचणारच नाही. त्यासाठी आमच्यात जन्मावं लागतं.

तुझा,
कमलाकांत


पाथर्डी
९ डिसेंबर २०२४

लेखकराव,

तिन्ही प्रकरणं एका बैठकीत वाचली. दुसरा मुडदा जाळ्यात येतो तिथं मी चहा तसाच ठेवला, गार झाला, बायकोनं शिव्या घातल्या. म्हणजे तुझं बरं चाललंय.

पण एक विचारू का? आतापर्यंत तुझ्या गोष्टीत घाटावरची माणसं चार आली. एक हमाल, एक दारुडा, एक जो कंपनीतलं तांबं चोरतो, आणि आता ती सुंदरा, जी लग्न करून कोळीवाड्यात आलीय आणि कुणाशी बोलत नाही. अरे, कंपनीत आपण एका डब्यात जेवलो. तू माझी भाकर खायचास, मी तुझं सुकटीचं कालवण. त्या डब्यातला एखादा तरी माणूस गोष्टीत टाकायचास. की तुमच्याकडं आम्ही नुसते चोऱ्या करायलाच येतो?

चेष्टा करतोय, पण सगळी चेष्टा नाही.

साखर भाऊबीजेला आली नाही. पहिल्यांदाच. प्रियदर्शिनीनं निरोप दिला की बोंबलाचा हंगाम आहे, आईला निघता येत नाही. दरवर्षी हंगाम असतोच की. जरा बघ.

झुंबर


तारापूर
२२ डिसेंबर २०२४

प्रिय झुंबर,

चौदावं प्रकरण सोबत आहे. धर्मेशभाई सांगतात, त्या अंकाच्या जादा प्रती काढाव्या लागल्या. एडवणहून एका शिक्षकांचा फोन आला, मनोरच्या एका औषधवाल्याचाही. माणसं आता मला रस्त्यात थांबवतात.

तुला बोंबील नुसता ताटातला माहीत, म्हणून पुरावा समजावून सांगतो. आमच्याकडे वलांडी असते, म्हणजे बांबू रोवून त्यांवर ओळीनं दोऱ्या ताणलेल्या. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची. एक मासा समुद्राच्या अंगाला लोंबतो, एक जमिनीच्या. बाई जमिनीच्या बाजूला उभी राहून हे करते, कारण कामाला उभं राहताना समुद्राला पाठ करायची नाही, ही आमची पद्धत. त्यामुळे समुद्राकडच्या माशाचा जबडा नेहमी वर येतो. बायका बोलत बोलत करतात, हाताकडे बघतही नाहीत.

तिसऱ्या प्रेताशेजारच्या दोरीवर फौजदार तांडेल यांना जबडे उलटे दिसतात. जमिनीकडचा वर. म्हणजे घालणारी समुद्राला पाठ करून उभी होती. ते दोरी हातात धरतात आणि म्हणतात, “हा हात आपला नव्हे.” संशय थेट सुंदरावर.

तुझ्या तक्रारीबद्दल: मी घाटी म्हणून कुणाला चोर करत नाही. कथेला बाहेरचा माणूस लागतो. आमच्या गोष्टीत बाहेरचा तूच असणार, तुझ्या गोष्टीत मी असेन. तू लिही, मी राग मानणार नाही.

साखरला भेटलो नाही, पण ठीकच असावी. हल्ली ती बोंबील घराच्या पत्र्यावर वाळवते, तिला तिथे सोयीचं पडत असेल. पोरंटोरं तिला गमतीनं सुंदराकाकी म्हणतात. पात्र लोकांच्या तोंडी बसलं की असं होतंच.

कमलाकांत


बोईसर
१२ जानेवारी २०२५

कमळाकाका,

तुम्ही घरापासून हाकेवर आहात आणि मी बोईसरला, तरी मुद्दाम लिहिते आहे. समोर बोललं की तुम्ही माझ्या बोलण्यातला एखादा शब्द पकडता आणि मूळ गोष्ट राहून जाते.

आई पत्र्यावर बोंबील सोयीसाठी वाळवत नाही. चौदाव्या प्रकरणानंतरच्या सोमवारी ती वलांडीवर गेली तर तिची दोरी सोडून खाली टाकलेली होती, माशांसकट, वाळूत. कुणी केलं ते कुणी पाहिलेलं नाही. तिनं धुऊन परत घातले. शेजारच्या सपनानं आपली टोपली उचलली आणि दोन खांब पलीकडे नेली. म्हणाली, “काय नाय गो, उनाला जाते.” ऊन सगळीकडे सारखंच होतं.

आता तुम्हाला ठाऊक नसलेलं सांगते. आई समुद्राला पाठ करून का उभी राहते? लग्न होऊन आली तेव्हा तिला इथली बोली कळत नव्हती. बायका हसल्या की हिला वाटे आपल्यालाच हसतात. आजी, म्हणजे तुमची काशीकाकू, हिला दोरीच्या पलीकडे घेऊन गेली आणि सगळ्यांच्या समोर उभी केली. म्हणाली, “तोंडं बघ सगल्यांची. तोंड बघल्याबिगर बोली येत नाय. दर्याचा मी बघते काय ता.” त्या दोघी एकाच दोरीवर दोन्ही अंगांनी घालायच्या. आई बोली तिथे शिकली. आजी गेली, आई तिथेच उभी राहिली. इतक्या वर्षांत एकीनंही त्यावर बोट ठेवलं नव्हतं.

आधीच्या प्रकरणांत सुंदराच्या हातात बोंबलाची टोपली आली तेव्हा आई खूश होती. शनिवारचं वाचन चुकेल म्हणून भाऊबीजेला मामाकडेही गेली नाही, हंगामाचं नुसतं निमित्त होतं. मला म्हणाली, “कमळादादानं मला लिवलंय बघ, कुणाला सांगू नको.” पुढच्या वाचनाला ती नवी साडी नेसून गेली. आणि जमनाआत्यानं ते वाक्य वाचलं, थांबली, आणि मान वर करून आईकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं.

जमनाआत्या सांगत फिरते की कमळाला तो हात मीच दाखवला. खरं का?

होळीच्या आधी बायकांची बैठक होते आणि वलांडीच्या जागा पुन्हा नक्की होतात. सासूची जागा सुनेला, हा रिवाज आहे. पण यंदा म्हणतायत, जिला आपली पद्धत पाळता येत नाही तिला कशाला जागा. बाबा गेल्यापासून आईचं पोट त्या जागेवर आहे, ती गेली तर पत्र्यावर भरणार नाही. मग माझ्या एका खोलीत येऊन बसायचं, नाहीतर मामाकडे पाथर्डीला. इथून गेली तर ती परत येणार नाही, मला माहीत आहे.

परवा घरी गेले तेव्हा ती अंगणात दोरी बांधून इकडच्या बाजूनं घालायचा सराव करत होती. सरळ हातानं. जबडे निसटत होते. मासा पडला की उचलायची, पुसायची, पुन्हा. मी म्हटलं, आई, राहू दे. म्हणाली, “येईल गं. बोली आली, हे नाही का येणार.”

काका, पुढची प्रकरणं अजून तुमच्या हातात आहेत. सुंदराला सोडवा. खुनी इथला कुणीतरी करा.

प्रियदर्शिनी


तारापूर
१५ जानेवारी २०२५

चि. प्रियदर्शिनीस,

पत्र वाचून वाईट वाटलं. दोरी टाकणाऱ्याचं नाव कळलं तर मी स्वतः त्याच्या दारात जाईन.

परंतु काही गोष्टी स्पष्ट करतो. एक, सुंदरा उंच आहे, नाकात चमकी आहे, तिला मूल नाही. तुझी आई यांपैकी काही नाही. कथेत मी कुणाचं नाव घेतलेलं नाही. दोन, जमनाताईनं एकदा वलांडीवरून जाताना बोट दाखवलं असेल. पाहिलं मी. बोट सगळ्यांनाच असतं. तीन, इतकी प्रकरणं एका रोखानं नेल्यावर मध्येच खुनी बदलता येत नाही. पाचव्या प्रकरणातली चप्पल, नवव्यातली रिकामी होडी, सगळं सुंदराच्या दिशेनं जातं. कुणाच्या घरी त्रास होतो म्हणून मी पुरावे मोडायला लागलो तर उद्या माझ्यावर विश्वास कोण ठेवील?

काशीकाकूची हकिकत मला माहीत नव्हती. माहीत असती तरी तांडेल यांनी दोरी पाहिलीच असती. ते त्यांचं काम आहे.

लोक विसरतात. होळीपर्यंत विसरतील.

तुझा काका,
कमलाकांत


पाथर्डी
२७ जानेवारी २०२५

कमलाकांत,

प्रियदर्शिनीनं तिचं पत्र आणि तुझं उत्तर, दोन्हींचे फोटो काढून छापून मला पाठवले. भिंग घेऊन वाचले.

तू मला लिहिलंस, साखर मजेत आहे. मग लिहिलंस, तिला सोयीचं पडत असेल. बॉयलरच्या काचेतली पाण्याची रेघ केसभर हलली तरी तुला लांबून दिसायची, आणि हाकेवरची बाई तुला दिसली नाही? तुला दिसली होती. म्हणूनच तू ‘असेल’ असं लिहिलंस. तू कधी ‘असेल’ लिहीत नाहीस.

इंद्रजीतचं स्थळ तूच आणलंस. माझी आई नको म्हणत होती, इतक्या लांब, पाण्याकाठी, मासे. तू आमच्या ओसरीवर बसून म्हणालास, “मावशी, आमच्यात आली की आमची.” तेव्हा मी तुझ्याकडं बघून होकार दिला, इंद्रजीतकडं बघून नाही.

गुन्ह्याच्या गोष्टी मीही चाळीस वर्षं वाचतोय. त्यात पहिला सवाल असतो, फायदा कुणाचा. काशीबाईनं ती जागा पोटच्या पोरीला दिली नाही, सुनेला दिली. शेवटच्या खांबाची, वाऱ्याची जागा. साखर मला सांगायची की सगळ्यांचे बोंबील वाळायच्या आधी तिचे वाळतात. आता तुझ्या फौजदाराला विचार, तुला बोट कुणी दाखवलं, आणि ओट्यावर वाचताना थांबून वर कुणी बघितलं.

होळी झाली की मी गाडी करून येतोय, तिला न्यायला. तू दारात येऊ नकोस.

झुंबर


तारापूर
२० मार्च २०२५

प्रिय झुंबर,

इतके दिवस उत्तर दिलं नाही. आधी लिहिण्याजोगं काही नव्हतं, नंतर लिहवेना. तुझ्या पत्रातलं काहीही खोडून काढायला मी बसलेलो नाही. गाडीचं तेवढं थांबव. कारण पुढे आहे.

तुझं पत्र वाचलं त्याच आठवड्यात मी शेवटची दोन प्रकरणं नव्यानं लिहिली. खुनी बदलली. सुंदराची नणंद, माहेरच्या जागेवर डोळा ठेवून तिघांना मारते आणि मुद्दाम उलट्या हातानं जोडी घालून ठेवते. पाचव्यातली चप्पल बसली, होडीही बसली. खोटं कशाला बोलू, आधीच्यापेक्षा जास्त घट्ट बसलं. मला उत्साह आला. नणंदेचा आवाज खणखणीत केला. वाचताना थांबून मान वर करायची सवय तिला दिली.

ते घेऊन साखरकडे गेलो. ती अंगणात दोरीवर सराव करत होती. मी ओट्यावर बसून दोन्ही प्रकरणं वाचून दाखवली. ती काम न थांबवता ऐकत होती. संपल्यावर मी विचारलं, कसं वाटलं?

“गोष्ट चांगली हाय,” ती म्हणाली. “पण दादा, आता जमनावन्संनी कुठं बोंबील घालायचे?”

मी म्हटलं, “तिनं तुझ्या बाबतीत काय केलं ते ठाऊक आहे ना?”

“मला ठाव हाय. ते आमचं आमी भांडू. तिला तोंड हाय, मला तोंड हाय. तुझ्या गोष्टीशी भांडायला तोंड कुठून आणू?”

मी विचारलं, मग खुनी कोण करू?

“तुला पायजे खुनी. मला जागा पायजे होती.” मग हातातली जोडी दोरीवर टाकली, ती टिकली, आणि ती पुन्हा म्हणाली, “दुसरी बाई धरू नको, एवढं कर.”

घरी आलो आणि ते कागद चुलीत घातले. जपून ठेवले असते तर मी ते कधीतरी छापले असते, स्वतःला ओळखतो मी.

मग जे लिहिलं ते लहान आहे. शेवटच्या प्रकरणात फौजदार तांडेल सुंदराच्या दारात उभे राहतात आणि सांगतात की त्यांनी दोरी नीट पाहिली, माणूस नीट पाहिला नाही. तिघेही उधाणात बुडाले. कुणी कुणाला मारलं नव्हतं. चप्पल कुणाची ते लागत नाही, होडी का रिकामी होती ते लागत नाही. धर्मेशभाई म्हणाले, “हा फटाका फुसका हाय.” तरी त्यांनी छापलं, कारण पान रिकामं राहिलं असतं. मनोरच्या औषधवाल्याचा फोन आला: “अहो, एवढे महिने वाचतोय, आणि खुनीच नाय?” एडवणच्या शिक्षकांनी पानभर चुका लिहून पाठवल्या. सगळ्या बरोबर होत्या. पुढच्या मालिकेसाठी धर्मेशभाईंनी दुसरा लेखक पाहिला आहे. आमच्या ओट्यावर ते प्रकरण जमनाताईनं वाचलंच नाही, म्हणाली घसा बसलाय. आळीत निम्म्यांना वाटतं, घाटावरच्या पाहुण्यांनी दम भरला म्हणून कमळानं शेवट बदलला. पोरं अजून सुंदराकाकी म्हणतात, जरा हळू.

होळीच्या आधल्या बैठकीला मी गेलो. पुरुष जात नाहीत, तरी गेलो, आणि काशीकाकूनं साखरला समोर का उभी केली ते सांगायला लागलो. सपना म्हणाली, “काका, तुमी बॉयलरचा बघा. वलांडीचा आमी बघू.” बायका हसल्या. मी मागे जाऊन बसलो. खरं तर त्यांचंच बरोबर होतं.

मग साखर उठली. तिनं कुणाचं नाव घेतलं नाही, माझं नाही, जमनाताईचंही नाही. एवढंच म्हणाली, “माझ्या सासूनं मला तुमच्याकडं तोंड करून उभी केली. आता तुमी सांगा, मी कुणीकडं तोंड करू.”

जमनाताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. शेवटी एक म्हातारी म्हणाली, “काशीनं दिली ती जागा, आमी कोन काडनार. पन जमनापन काशीचीच हाय.” जागेचे दोन भाग झाले. वाऱ्याच्या बाजूचा जमनाताईला, आतला साखरला. हा न्याय झाला असं मी म्हणत नाही. साखरनं मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन गेली. तुला तिनं निरोप दिलाय तो तिच्या शब्दांत: “दादाला सांग, गाडी सांगू नको. भाऊबीजेला मीच येते. निम्मी का होईना, जागा सोडून आले तर लोकांचं खरं होईल.”

आतल्या जागेत वारा कमी, मासा उशिरा वाळतो. ती भागवते.

तू विचारशील, ती आता कुठल्या बाजूला उभी राहते, जबडा कुठला वर येतो, जमनाताई तिच्याशी बोलते की नाही. मला माहीत नाही. कामावर जाताना मी वलांडीवरून जायचो, आता वरच्या रस्त्यानं जातो. लांब पडतं. बस एकदा चुकलीसुद्धा. तिथलं काही विचारायचं असेल तर साखरला विचार, ती भेटेल तेव्हा. तिला वाटलं तर सांगेल.

कमलाकांत